बुधवारी कुडाळ, शुक्रवारी म्हापसा

अगं, भाजी दारात येते हे मला ठाऊक आहे. सकाळी टेम्पो हॉर्न वाजवत येतो, तू खिडकीतून हाक मारतेस, तो पिशवी वर आणून देतो आणि पैसे फोनवरून जातात. तुझी ऑफिसची मीटिंग संपायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. मग ऊन अंगावर घेत आठवडा बाजारात कशाला जायचं, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी "सांगते नंतर" म्हणून विषय टाळला. टाळला, कारण तुझ्या सासूबाई शेजारी बसलेल्या ऐकू येत होत्या आणि मला जे सांगायचं त्यातलं निम्मं त्यांच्याविषयीच होतं. ते पुढे सांगतेच. आधी बाजाराचं.

बाजारात स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नकोस. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांचा भाव कुडाळच्या बाजारात आणि तुझ्या टेम्पोवाल्याकडे दोन-पाच रुपयांनी इकडेतिकडे असेल, त्यापेक्षा जास्त नाही. दोघांचाही माल एकाच बाजूने येतो, घाटावरून. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या गाड्या रात्री आंबोली, फोंडा नाहीतर करूळचा घाट उतरतात तेव्हा आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची सकाळची आमटी-भाजी होते. आपण भात पिकवतो, आंबा-काजू पिकवतो, माड-पोफळी लावतो, पण रोजच्या भाजीला घाटाकडे तोंड करून बसतो. गोव्याचंही तेच, त्यांची सगळी भिस्त बेळगावावर. पावसात घाटात दरड आली की दुसऱ्याच दिवशी मिरची कशी चढते ते तू यंदा बघशीलच.

तुला पुण्याची सवय आहे. तुमच्याकडे मैदानात शेतकरी आठवडे बाजार भरायचा तो वेगळा. कृषी पणन मंडळाने २०१६ साली संत सावता माळ्यांच्या नावाने ते अभियान सुरू केलं, आणि त्याच वर्षी भाजी-फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली. तिथे शेतकऱ्यांचे गट येतात, इलेक्ट्रॉनिक काटे असतात, भावाचा फलक असतो, घासाघीस नसते. छान आहे ते, शहराला हवंच होतं. पण तेच डोक्यात ठेवून कुडाळच्या बाजारात आलीस तर गोंधळशील. इथे शेतकरी आहे, व्यापारी आहे, सुकी मासळी आहे, बांगड्या आहेत, प्लास्टिकच्या बादल्या आहेत, कोयत्याला धार लावणारा आहे आणि दहा रुपयांत कानातलं विकणारा पोरगाही आहे. कोण कुठला हे सांगणारा फलक कुठेच नाही. ते आपण ओळखायचं असतं.

वार आधी पाठ कर. सोमवारी मालवण आणि बांदा, मंगळवारी सावंतवाडी आणि कणकवली, बुधवारी तुझं कुडाळ, शुक्रवारी गोव्यातलं म्हापसा. उरलेल्या वारांना लहान गावांतले बाजार असतात, ते शेजारणीकडून कळतील. आता यातली गोम ऐक. फिरते व्यापारी असेच वाराच्या ओळीने हिंडतात. मंगळवारी सावंतवाडीत ज्याची निळी ताडपत्री पाहिलीस तोच बुधवारी कुडाळात दिसेल, आणि मंगळवारी न खपलेला त्याचा कोबीही. कोबीला एक दिवसाने काही होत नाही, पण मेथी-कोथिंबिरीला होतं. म्हणून व्यापाऱ्याकडून पालेभाजी घेताना जुडी उलटी करून देठाचा कापलेला भाग बघ. पांढरट-हिरवा आणि ओलसर असेल तर ठीक, तपकिरी पडलेला असेल तर पाणी मारून उभी केलेली जुडी आहे, राहू दे. पाण्याचे थेंब बघून भुलू नकोस, ते कुणीही शिंपडतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते हे. बाजारात दोन बाजार असतात. एक उंचावर मांडलेला: लाकडी फळी, काटा, ढीग, आरडाओरडा. दुसरा जमिनीवर, बहुतेक वेळा कडेला, रस्त्याच्या वळणाशी, कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीपाशी. तिथे आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. पहिला बाजार तुझ्या दारात येतोच. दुसरा येत नाही, येणारही नाही, कारण पाच तवशी, दोन जुड्या लाल भाजी आणि एक केळफूल एवढ्यासाठी कुठल्याच टेम्पोला परवडत नाही. तू जायचंस ते त्या दुसऱ्या बाजारासाठी.

ती बाई ओळखायची कशी? तिच्यासमोरचा माल बघ. पिकवणारीच्या टोपलीत एकसारखं काही नसतं. चार लिंबं, अर्धा डझन अंडी, वेलची केळ्यांची एक फणी, अळूची पानं, जुन्या बाटलीतलं कोकमाचं आगळ आणि वर चार अनंताची फुलं. परसात जे तयार झालं ते तिने उचलून आणलेलं असतं. ज्या ढिगात सगळी वांगी एका मापाची आहेत तो ढीग बाजारपेठेतून आलेला. मग विचारायचं, "काकी, ही खयची?" घरची असेल तर नुसतं गावाचं नाव येत नाही, वाडीचं येतं, विहिरीचं येतं, आणि यंदा माकडांनी किती खाल्लं त्याची तक्रारही येते. तक्रार नाही आली तर थोडा संशय धरायला हरकत नाही. माकड आणि गवारेड्यांबद्दल न बोलणारा शेतकरी सध्या या जिल्ह्यात सापडणं कठीण.

काही बायका घाऊक माल घेऊन जमिनीवरच बसतात, हेही लक्षात ठेव. त्यांचंही पोट आहे, त्यांच्याकडून घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. फक्त जून महिन्यात कुणी "घरचो फ्लावर" म्हणाली तर हसून पुढे जा.

घासाघीस कुठे करायची हे यावरूनच ठरतं. फळीवरच्या व्यापाऱ्याशी बिनधास्त कर. तो भाव सांगतानाच दोन रुपये सोडायच्या तयारीने सांगतो, नाही मागितलेस तर तुलाच नवखी समजेल. दुपारी बारा-एकनंतर तर त्यालाच आवरायची घाई असते. गोणपाटावरच्या काकीशी मात्र करू नकोस. तिने वीस रुपये सांगितले तर वीस दे. पहाटे उठून ती भाजी तिने खुडलेली असते, धुतलेली असते, केळीच्या सोपटाने जुड्या बांधलेल्या असतात, एसटीचं तिकीट काढलेलं असतं, आणि सगळं विकून तिच्या कनवटीला लागणार ती रक्कम तुझ्या एका ऑनलाइन जेवणाएवढी. फार तर म्हण, "काकी, वर काहीतरी घाल." ती दोन मिरच्या घालेल, कढीपत्त्याची डहाळी घालेल. तुझा मान राहतो, तिचाही भाव राहतो.

आणि सकाळी लवकर गेलीस तर एक जप. तिची भवानी झालेली नसेल तर नुसता भाव विचारून निघून जाऊ नकोस. पहिलं गिऱ्हाईक न घेता गेलं तर दिवस वाईट जातो असं मानणाऱ्या आहेत त्या. तुझा विश्वास असो नसो, लिंबू तरी घे. एका लिंबाने तुझं काही बिघडत नाही.

सुट्टे पैसे ने. आता टोपलीवरही क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकलेला दिसतो, पण तो बहुतेक मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या खात्याचा असतो. पैसे आले की नाही हे त्या बिचारीला संध्याकाळी घरी गेल्यावर कळतं, आणि कधीकधी आलेले कळतं पण हातात पडत नाहीत. मी जास्त बोलत नाही. तू दहा-वीसच्या नोटा ने.

कडधान्य आणि तांदूळ घेशील तेव्हा माप बघ. मेट्रिक वजनं-मापं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, काटे बदलले, पण कुळीथ, चवळी, उकडा तांदूळ विकणाऱ्या बायकांकडे पत्र्याचं शेराचं माप अजून निघतं. चार शेरांची पायली. मापाने घेतलंस तर शिगेवर भरून घे, वर शंकूसारखं उभं राहिलं पाहिजे. हाताने सपाट केलेलं माप आणि शिगेचं माप यात चांगला मूठ-दोन मुठींचा फरक पडतो. कुळीथ चावून बघ, दाताखाली कट् झाला पाहिजे. पिठी करायला नेणार असशील तर थोडे घे आणि लवकर संपव, दमट हवेत किडे फार लवकर लागतात.

ऋतूंबद्दल तुला सांगायला हवं, कारण तू पुण्यात बारा महिने एकच भाजी बघितलीस. पहिला पाऊस पडून आठवडाभर झाला की जमिनीवरच्या बाजाराचा रंगच बदलतो. टाकळा येतो, कुर्डू येतो, भारंगी, फोडशी, तेरं. यातलं काहीच कुणी पेरलेलं नसतं. टाकळ्याचा कोवळा शेंडा तेवढा घे, पानं मोठी झाली की कडवट लागतो. भारंगी उकळून पाणी टाकावं लागतं. तेरं घेतलंस तर कोकम घालायला विसरू नकोस, नाहीतर घसा खवखवेल आणि सगळं घर तुझ्याकडे बघेल. कशी करायची हे त्या बाईलाच विचार. दुसरं गिऱ्हाईक उभं असलं तरी ती सांगते, आणि शेजारची बाई मधेच "तसां नाय गो" म्हणत दुसरी रीत सांगते. दोन्ही ऐक. घरी जाऊन तिसरीच होईल.

अळंब्यांचं मात्र जपून. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी पानावर मांडून विकायला येतात. ती वाळवीच्या वारुळाशी बांधलेली असतात, कुणाला बागेत लावून येत नाहीत, म्हणून भाव ऐकून दचकशील. चव अशी की मटण बाजूला ठेवावं. पण अनोळखी हातून कधीच घेऊ नकोस. विषारी अळंबीही दिसायला गोजिरवाणी असते आणि तुला-मला त्यातलं काही कळत नाही. वर्षानुवर्षं तिथे बसणारी, जिच्याकडून गावातली माणसं घेतात, तिच्याकडूनच घे. सासूबाईंना दाखव, मगच चुलीवर ठेव.

श्रावणात तवशी येतात, हाताएवढी लांब, हिरवी-पिवळी. चिबूड येतो, त्याच्या वासाने अख्खा रस्ता भरतो. चिबूड देठाकडून हुंगून घे आणि त्याच दिवशी खा, तो थांबत नाही. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी घरोघर होते, त्यामुळे आदल्या बाजाराला शेवग्याचे ढीग दिसतील. दुपारी गेलीस तर देठंच हाती येतील.

आणि गणेश चतुर्थीच्या आधीचा बाजार. तो तू चुकवायचा नाहीस, रजा टाक पण जा. गणपतीवर टांगायच्या माटवीला बांधायचं सगळं त्या दिवशी जमिनीवर आलेलं असतं: कवंडळं, हरणं, तेरडा, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, अशी कितीतरी रानफळं जी एरवी वर्षभर कुणी बघतही नाही. मुंबईहून चाकरमानी उतरलेले, प्रत्येकाच्या हातात यादी, प्रत्येक यादी आईने सांगितलेली. कोणतं फळ कुठल्या रानात मिळतं हे ठाऊक असलेली माणसं आता कमी होत चालली, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत रानातून हे गोळा करून आणणाऱ्यांना चार पैसे बरे मिळतात. तिथेही घासाघीस नको. त्या कवंडळासाठी कुणीतरी काट्यांत हात घातलेला असतो.

थंडीत विशेष सांगण्यासारखं नाही. लाल भाजी, मुळा, वालीच्या शेंगा, रताळी, कणगं. सगळं चांगलं, सगळं भरपूर, डोळे झाकून घे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर येतात. तुला ते उसळीतच माहीत. ते किलोवर नसतात, शेकड्याने मोजून मिळतात, आणि पहिल्यांदा भाव ऐकशील तेव्हा "शंभर काजूंचे एवढे?" असं तोंडातून निघेल. ते तोंडातच ठेव. हिरवी बी कोयतीने चिरून गर काढताना सालीतला चीक बोटांना लागतो आणि कातडी भाजते. गर मोजणाऱ्या बाईची बोटं बघ, टोकं काळी पडलेली असतात. घरी आणलेस की कोमट पाण्यात थोडा वेळ ठेव, आतलं पातळ साल हाताने निघतं. मोठे, टपोरे बघून हुरळू नकोस. कोवळे, जरा चपटे असतात त्यांची उसळ दुधाळ होते.

एप्रिल-मेमध्ये सोलं. रातांब्याची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवायची असतात, आणि एक वळीव आला की आठवड्याची मेहनत जाते. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ही चांगलीच गोष्ट, पण बाजारातल्या टोपलीवर त्याचं लेबल नसतं. तिथे तुझी बोटंच. सोल दुमडून बघ. मऊ, चिकटसर आणि काळपट जांभळं असलं तर यंदाचं. कडकडीत झालेलं जुनं. ओलं गच्च आणि वर मिठाचा थर दिसला तर तू कोकमाच्या भावाने मीठ घेत आहेस. वर्षाचं एकदम घे, चिनीमातीच्या बरणीत भर.

मे संपता संपता सुक्या मासळीची घाई उडते. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, मग सुका बांगडा, जवळा, सोडे, सुंगटं यांवरच पावसाळा काढायचा. जवळा घेताना मूठभर उचलून कागदावर झटक, खाली वाळू पडली तर पुढे चल. वास खारा यायला हवा, कुजका नको. घरी आणून पुन्हा एक कडक ऊन दाखव आणि झाकण घट्ट असलेल्या डब्यात ठेव. आणि तो डबा तुझ्या लॅपटॉपच्या खोलीपासून लांब.

आता तुझ्या सासूबाई. बाय गो, तू म्हणतेस त्या स्वयंपाकघरात तुला सुचू देत नाहीत, मीठ कमी, वाटप जाड, मासे असे कापत नाहीत. हे सगळं खरं असेल. पण तू त्यांना एकदा बुधवारी बाजारात घेऊन जा. पिशव्या तू धर, पैसे तू दे, बोलणं सगळं त्यांच्यावर सोड. त्या घरात जे बोलतात ते तुला टोमणे वाटतात. तेच बाजारात बोलल्या तर तुला कामाचं वाटेल. नारळ कानाशी हलवून कसा निवडायचा, फणस कापा की बरका कसा कळतो, बांगड्याचा कल्ला उचलून काय बघायचं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. सांगायला कुणी विचारलं नाही म्हणून ते मिठावर निघतं. मी असं म्हणत नाही की एका बाजाराने तुमचं सगळं जमेल. पण घरी परतताना तुमच्यात बोलायला मिठाशिवाय दुसरं काहीतरी असेल.

एक सांभाळ. त्यांची एक ठरलेली मासेवाली असते, एक ठरलेली भाजीवाली असते. त्यांना ओलांडून तू पलीकडच्या बाईकडे ताजी सुरमई दिसली म्हणून गेलीस तर दोन बायका एकदम दुखावतात, एक पाटीमागची आणि एक तुझ्या शेजारची. तुला दुसरीकडून घ्यायचंच असेल तर एकटी जाशील त्या दिवशी घे.

नवऱ्याला मात्र पहिल्या काही खेपांना नेऊ नकोस. तो गाडी कुठे लावायची या चिंतेत असतो, मग "झालं का" विचारतो, मग भज्यांच्या गाडीपाशी उभा राहतो. भजी खाऊ दे, पण त्याच्यासाठी तू घाई करशील आणि फळीवरच्या पहिल्या ढिगातून सगळं उचलून परत येशील.

आणि फोटो. तुझ्या मैत्रिणी बाजाराची रीळ करतात हे मी बघते. काढ, पण विचारून काढ, आणि आधी काहीतरी विकत घे. समोर फोन धरून "स्माईल" म्हणणाऱ्यांचा त्या बायकांना कंटाळा आलाय.

महिन्यातून एखादा शुक्रवार म्हापशासाठी ठेव. कुडाळहून रेल्वेने थिवीला उतरलं की पुढे बस-रिक्षा आहे, किंवा हायवेने सरळ बांदा, पत्रादेवी करत जाता येतं. ती बाजारपेठ १९६० साली, पोर्तुगीज असतानाच बांधून झाली, त्यामुळे तिथे ओळी आहेत, प्रत्येक वस्तूची आपापली जागा आहे. पण शुक्रवारी बाजार त्या ओळींतून बाहेर सांडतो आणि रस्ताभर बसतो. बार्देस, पेडणे, डिचोलीची माणसं तर येतातच, आपल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या बायकाही माल घेऊन तिकडे जातात, कारण गोव्यात भाव बरा मिळतो. तुला ज्या काकी बांद्याला सोमवारी दिसतील त्यांतल्या काही शुक्रवारी म्हापशाला दिसल्या तर नवल मानू नकोस.

तिथे जाऊन कोबी-टोमॅटो घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणेन. मयड्याची केळी घे, मोठाली, जाड सालीची. साल काळपट होऊ दे, मग खा नाहीतर हलवा कर. हिरवी बघून लगेच कापलीस तर पैसे फुकट. हरमलची मिरची घे, बांगड्याच्या तिखल्याला तिच्यासारखा रंग दुसऱ्या मिरचीला नाही. मिरचीला आणि केळ्याला, दोघांनाही २०२१ साली मानांकन मिळालं, तेव्हापासून भलत्याच मिरच्या त्या नावाने विकणारेही वाढले असणार, म्हणून देठासकट, सुकी, खुळखुळ वाजणारी बघून घे आणि दोन-तीन बायकांकडे विचारून मग ठरव. एप्रिल-मेमध्ये गेलीस तर छोट्या कांद्यांच्या वेण्या लटकवलेल्या दिसतील. एक वेणी स्वयंपाकघरात वाऱ्यावर टांगली की पावसाळ्यात बराच काळ चिंता नाही. त्याच दिवसांत मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताची जत्राही असते, आणि पावसाळ्याची बेगमी करायला अख्खा बार्देस लोटतो. गर्दी सोसत असेल तर जा, नाहीतर दुसरा शुक्रवार बघ.

सॉसेजच्या माळा दिसतील, माडीचा व्हिनेगर दिसेल, गरम पाव म्हणजे पोई मिळतील. घरात कोण काय खातं हे बघून घे. नवऱ्याने हळूच "एक बाटली" म्हटलं तर ऐकू नकोस. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात, आणि तुझ्या पिशवीतल्या केळ्यांखाली फेणी निघाली तर तुझ्या सासरी काय होईल याची मला कल्पनाही करवत नाही.

दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. जड माल शेवटी घे, नारळ आणि कलिंगड घेऊन बाजार हिंडायचा नसतो. आधी एक फेरी नुसती मार, भाव ऐक, कोण काय घेऊन बसलंय ते बघ, मग परत फिर. फक्त काजूगर, अळंबी आणि चिबूड दिसलेत तर तिथल्या तिथे घे, फेरी मारून येईपर्यंत ते राहत नाहीत. सूप किंवा रोवळी घेशील तर उलटी करून हलक्या हाताने आपट. पिवळी भुकटी पडली तर बांबूला भुंगा लागलाय. आडाळी, म्हणजे विळी, लोहाराकडूनच घे, आणि खोबरं खवायचा दात त्याच्यासमोर अंगठ्याने हळू चाचपून बघ. धार लावून मागितली तर तो तिथेच लावून देतो.

आणि तू जे फोनवर बोलली नाहीस त्याबद्दल. घरातून काम, घरातच सासर, बाहेर ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळी आवाज बसल्यासारखा येतो तुझा. मला कळतं ते. मैत्रिणी कर, क्लासला जा, असलं काही मी सांगणार नाही, ते इथे लगेच जमत नाही. तू एका ठरावीक काकीकडून दर बुधवारी घेत जा. काहीतरी घेच, भले दोन जुड्या. महिन्या-दोन महिन्यांत ती लांबून हाक मारायला लागेल. पैसे कमी पडले तर "ऱ्हवांदे, पुढच्या बाजाराक दी" म्हणेल. एखाद्या बुधवारी तू गेली नाहीस तर त्याच्या पुढच्या बुधवारी "खय होतंस गो?" विचारेल, आणि उत्तर ऐकायला खरंच थांबेल. तुझ्या ऑफिसात तुझी गैरहजेरी मोजली जाते, विचारली जात नाही. तुला भेंड्यांपेक्षा त्या विचारण्याची गरज जास्त आहे असं मला वाटतं, पण भेंड्याही चांगल्या असतात तिच्या.

या बुधवारी सकाळी नऊच्या आत पोहोच. ऑफिसला सांग, नेट गेलंय. आपल्याकडे कुणी अविश्वास दाखवणार नाही. आणि पुढच्या शुक्रवारी म्हापशाला गेलीस तर माडाच्या काळ्या गुळाच्या दोन ढेपा माझ्यासाठी जास्त आण. केळीच्या किंवा माडाच्या पानात बांधलेल्या बघ, वास घेऊन घे, करपट आला तर नको. पैसे मी मंगळवारी सावंतवाडीच्या बाजारात देते, मी तिथे अकरापर्यंत असते.